म्हणजे नक्की किती? : हवामान-बदलाच्या इंग्रजीतील विशेषणे

नामाबद्दल विशेष माहिती सांगणाऱ्या शब्दाला विशेषण म्हणतात, ही व्याख्या आपण सर्वांनी शाळेत पाठ केली आहे. गुणविशेषण, संख्याविशेषण, सार्वनामिक विशेषण असे त्याचे प्रकारही बाईंनी फळ्यावर लिहून दिले होते. परीक्षेपुरते लक्षात ठेवलेले हे वाक्य गेली काही वर्षे मला पुन्हा उपयोगी पडू लागले आहे, आणि तेही इंग्रजी वाचताना. हवामान-बदलावर इंग्रजीत जे लिहिले जाते, मग ते वर्तमानपत्रातले लेख असोत, वादळाच्या सूचना असोत, आंतरराष्ट्रीय करार असोत, शास्त्रज्ञांचे अहवाल असोत की खपाची पुस्तके, त्यात विशेषणांची रेलचेल असते. त्यातले कोणते विशेषण खरोखर विशेष माहिती सांगते आणि कोणते नुसतेच नामापुढे मिरवते, हे तपासण्याचा हा प्रयत्न आहे.

मी भाषेचा अभ्यासक नाही. शिक्षण यांत्रिकी अभियांत्रिकीचे, डॉक्टरेटही त्यातलीच, आणि पोटापाण्याचा धंदा सॉफ्टवेअरचा. पण आमच्या धंद्यात विशेषणांशी रोजची झटापट असते. गिऱ्हाईक लिहून देते की प्रोग्राम 'फास्ट' हवा, 'रोबस्ट' हवा, 'युजर-फ्रेंडली' हवा. अनुभवी इंजिनिअर अशा कागदावर लाल पेन्सिलने खूण करतो आणि विचारतो, फास्ट म्हणजे किती? उत्तर दोन सेकंदांत यायला हवे की दोनशे मिलिसेकंदांत? इंटरनेटचे नियम लिहिणाऱ्या मंडळींनी तर १९९७ साली एक छोटेसे टिपणच काढले आणि 'मस्ट', 'शुड', 'मे' ह्या साध्या शब्दांचे अर्थ ठरवून टाकले. 'मस्ट' म्हणजे केलेच पाहिजे. 'शुड' म्हणजे सबळ कारण असल्याशिवाय टाळू नये. 'मे' म्हणजे ऐच्छिक. शब्दाचा अर्थ आधी ठरला नाही तर दोन यंत्रे एकमेकांशी बोलू शकत नाहीत, एवढा साधा हिशेब त्यामागे आहे. माणसांच्या बाबतीत आपण तेवढे काटेकोर नसतो. वादळ दारात आले असताना मात्र असायला हवे, असे माझे मत आहे.

आवाजी विशेषणे

ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वे वादळ आमच्या ह्यूस्टनवर ठाण मांडून बसले होते. २७ तारखेला नॅशनल वेदर सर्व्हिसने जाहीर केले की ही घटना 'अनप्रेसिडेंटेड' आहे, आणि तिचे परिणाम आजवरच्या कोणत्याही अनुभवापलीकडचे आहेत. ते खोटे नव्हते. पावसाच्या नकाशावरचे रंग अपुरे पडले म्हणून त्यांना जांभळ्याच्या दोन नव्या छटा घालाव्या लागल्या. टेक्ससमधल्या नेदरलँड नावाच्या गावाजवळ ६०.५८ इंच, म्हणजे दीड मीटरहून जास्त पाऊस मोजला गेला. एका वादळात अमेरिकेत मोजलेला तो सर्वाधिक पाऊस.

त्या रात्री पुण्याहून आईचा फोन आला. टीव्हीवर 'अभूतपूर्व' हा शब्द तिने दहादा ऐकला होता. तिने विचारले, "अभूतपूर्व म्हणजे किती रे? दारात आलंय का पाणी?" मी म्हटले, "आई, रस्त्यावर गुडघाभर आहे. आपल्या दाराच्या चार पायऱ्या खाली. वरच्या मजल्यावर जाता येतं, आणि प्यायचं पाणी तीन दिवसांचं भरून ठेवलंय." "हां, मग ठीक," ती म्हणाली, आणि झोपायला गेली.

ह्या संभाषणात तिला उपयोगी पडलेले विशेषण 'गुडघाभर' हे होते. आपल्या भाषेत अशा मापाच्या विशेषणांची जुनी परंपरा आहे. घोटाभर, गुडघाभर, कमरेइतके, छातीइतके, पुरुषभर. माणसाचे शरीर हीच मोजपट्टी. इंग्रजीतही 'नी-डीप', 'वेस्ट-हाय' आहेतच, पण बातमीच्या मथळ्यात त्यांना जागा मिळत नाही. तिथे 'अनप्रेसिडेंटेड' बसलेले असते.

ह्या शब्दावर माझा पहिला आक्षेप असा की तो एकदाच वापरता येतो. गेल्या वर्षीचा पूर अनप्रेसिडेंटेड होता, ह्या वर्षीचाही आहे, पुढच्या वर्षीचाही असणार, असे झाले की ऐकणाऱ्याचा कान बधिर होतो. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. जे पूर्वी कधीच घडले नाही त्याची तयारी कोण करणार? म्हणजे कोणाचीच चूक नाही! २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि त्याच दिवशी कुलाब्याला त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. 'अभूतपूर्व' हे विशेषण त्या आकड्याला शोभणारेच होते. पण मुंबईची पर्जन्यवाहिन्यांची व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती, ती दुप्पट करा असे सांगणारा 'ब्रिमस्टोवॅड' अहवाल १९९३ सालापासून पडून होता, आणि मिठी नदीचे पात्र भराव घालून आवळत आणलेले होते. ह्या तिन्ही गोष्टींना पूर्वइतिहास होता. इकडे ह्यूस्टनलाही १९४० च्या दशकात बांधलेल्या ॲडिक्स आणि बार्कर ह्या धरणांच्या पाणसाठ्याच्या हद्दीत वसाहती उभ्या राहिल्या होत्या, आणि पाणी साठवायची वेळ आली तेव्हा ते घरांत साठले. पाऊस अभूतपूर्व होता. निष्काळजीपणा जुनाच होता. एकच विशेषण दोघांवर पांघरले की दुसरा दिसेनासा होतो.

'नॅचरल' ह्या विशेषणाचेही असेच. 'नॅचरल डिझास्टर' म्हटले की माणूस सुटला. आणि जमिनीतून काढलेल्या मिथेनला 'नॅचरल गॅस' म्हटले की तो जणू तुळशीच्या रोपासारखा निरुपद्रवी वाटू लागतो.

आवाजी विशेषणांची आणखी एक अडचण म्हणजे ती संपतात. हरिकेनची तीव्रता सांगणाऱ्या सॅफिर-सिम्पसन मोजपट्टीचे अधिकृत वर्णन पाहा. पहिल्या श्रेणीचे वारे 'व्हेरी डेंजरस', दुसरीचे 'एक्स्ट्रीमली डेंजरस', तिसरीत नुकसान 'डेव्हस्टेटिंग', चौथीत 'कॅटॅस्ट्रॉफिक', आणि पाचवीत? पुन्हा 'कॅटॅस्ट्रॉफिक'. शब्दकोश चौथ्या पायरीवरच संपला. भारतीय हवामान खात्याच्या परिभाषेतही २०४.५ मिलिमीटर आणि त्याहून अधिक पाऊस 'एक्स्ट्रीमली हेवी'. म्हणजे २०५ मिलिमीटरही तेच आणि ९४४ ही तेच. विशेषणाला छत असते, आकड्याला नसते.

आकड्याचा मुखवटा

मग सगळी विशेषणे आकड्यांत मांडली की काम झाले का? इंजिनिअरला असे वाटणे साहजिक आहे, पण प्रकरण तेवढे सोपे नाही. आपल्यापैकी ज्यांनी ह्या देशात घर घेतले आहे त्यांनी 'हंड्रेड-इयर फ्लड' हा शब्द ऐकलेला असेल. हे संख्याविशेषण. ऐकणाऱ्याला वाटते, असा पूर शंभर वर्षांत एकदा येतो. मागच्या वर्षी येऊन गेला, आता आपल्या नातवंडांपर्यंत काळजी नाही. आम्ही घर पाहत होतो तेव्हा एका दलालाने हाच दिलासा आम्हाला अगदी मनापासून दिला होता.

खरा अर्थ असा की असा पूर कोणत्याही एका वर्षी येण्याची शक्यता एक टक्का आहे. आता तीस वर्षांच्या गृहकर्जाचा हिशेब करू. एका वर्षी पूर न येण्याची शक्यता ०.९९. तीस वर्षे ओळीने न येण्याची शक्यता ०.९९ चा तिसावा घात, म्हणजे सुमारे ०.७४. म्हणजे कर्ज फिटेपर्यंत घरात पाणी शिरण्याची शक्यता २६ टक्के, चारात एक. 'शंभर वर्षांतून एकदा' आणि 'कर्ज फिटेपर्यंत चारात एक' ही दोन्ही वर्णने एकाच गोष्टीची आहेत. पहिले ऐकून माणूस विमा टाळतो, दुसरे ऐकून काढतो. हार्वेच्या वेळी हॅरिस काउंटीत सुमारे दीड लाख घरांत पाणी शिरले. त्यांतली साधारण दोन तृतीयांश घरे ह्या 'शंभर-वर्षी' पूररेषेच्या बाहेरची होती.

शिवाय हे शंभर वर्षांचे मापही स्थिर नाही. २०१८ साली टेक्ससच्या पावसाची आकडेमोड नव्याने झाली, तेव्हा ह्यूस्टन परिसरातला शंभर-वर्षी चोवीस तासांचा पाऊस १३ इंचांवरून सुमारे १८ इंचांवर गेला. आधी ज्याला शंभर-वर्षी म्हणत होते तो आता जेमतेम पंचवीस-वर्षी ठरला. विशेषण तेच राहिले, त्याच्या पोटातला आकडा बदलला. 'नॉर्मल' ह्या निरुपद्रवी दिसणाऱ्या शब्दाचेही तसेच आहे. अमेरिकेत 'नॉर्मल' म्हणजे मागच्या तीस वर्षांची सरासरी, आणि ती दर दहा वर्षांनी बदलते. २०२१ सालापासून १९९१ ते २०२० हा काळ धरला जातो. म्हणजे तापलेली वर्षेच सरासरीत शिरली, आणि आजचा दिवस 'नॉर्मलपेक्षा दोन अंश जास्त' असे ऐकताना आपण कशापेक्षा जास्त म्हणतो आहोत ते दर दशकाला सरकते. भारतातही २०२२ साली पावसाळ्याची दीर्घकालीन सरासरी ८८ सेंटिमीटरवरून ८७ वर आणली गेली. ह्यात लबाडी काही नाही. शेतीसाठी, वीजमागणीसाठी ताजी सरासरीच लागते. पण बदल किती झाला हे सांगायला हे विशेषण निरुपयोगी आहे, हे वाचकाला कोणी सांगत नाही.

करारातल्या पळवाटा

आता राजनैतिक इंग्रजीकडे वळू. इथे विशेषणे फार शांत असतात आणि फार महाग असतात.

१९९२ च्या हवामान करारात ध्येय लिहिले आहे ते हवामानव्यवस्थेतला मानवनिर्मित 'डेंजरस' हस्तक्षेप टाळण्याचे. डेंजरस म्हणजे किती? करारात आकडा नाही. दोन अंशांची मर्यादा अधिकृतपणे मान्य व्हायला २०१० साल उजाडले, कॅनकुनच्या परिषदेत. २०१५ च्या पॅरिस करारात ती 'दोन अंशांच्या बरीच खाली, आणि दीड अंशासाठी प्रयत्न' अशी झाली. एका विशेषणाला आकडा मिळायला अठरा वर्षे लागली, आणि त्या अठरा वर्षांत धुराडी काही थांबली नव्हती.

त्याच करारातले दुसरे विशेषण आपल्याला जास्त जवळचे आहे. देशांच्या जबाबदाऱ्या 'कॉमन बट डिफरन्शिएटेड' आहेत, म्हणजे सामायिक, तरी ज्याच्या-त्याच्या वाट्याने वेगळ्या. भारताने ह्या शब्दांसाठी तीन दशके भांडण केले आहे, आणि माझ्या मते ते रास्त आहे. हवेत आज साठलेला कार्बन कोणी आधी सोडला, ही माहिती ह्या एका विशेषणात आहे. म्हणून व्याकरणाच्या व्याख्येप्रमाणे हे खरे विशेषण. त्यात आकडा नाही, पण कर्ता आहे.

ह्याच्या उलट उदाहरण २०२१ च्या ग्लासगो परिषदेचे. शेवटच्या तासांत कोळसा 'फेज आउट' करायचा की 'फेज डाउन', ह्या क्रियापदावर वाद झाला आणि भारताच्या आग्रहाने 'डाउन' आले, हे सगळ्यांनी वाचले. त्या वाक्यातल्या दोन विशेषणांकडे मात्र फारसे कोणी पाहिले नाही. कोळसा कोणता? 'अनअबेटेड', म्हणजे ज्याचा धूर पकडून साठवलेला नाही असा. आणि इंधनावरची कोणती सबसिडी बंद करायची? 'इनएफिशियंट'. कोणत्या अर्थमंत्र्याने आजवर आपली सबसिडी अकार्यक्षम आहे असे कबूल केले आहे? म्हणजे क्रियापदाने दिलेले विशेषणाने परत घेतले. आमच्याकडे अशा वाक्याला टेस्टिंगवाले हसतील, कारण ते पाळले की मोडले हे तपासताच येत नाही. २०२३ साली दुबईत खनिज इंधनांपासून दूर जाण्याचे ठरले, तेही 'जस्ट', 'ऑर्डरली' आणि 'इक्विटेबल' पद्धतीने. तीन सुंदर विशेषणे, एकाचेही माप दिलेले नाही.

ही चलाखी इंग्रजीचीच मक्तेदारी आहे असे कोणी समजू नये. महाराष्ट्र सरकारने २०१५ च्या ऑक्टोबरात हजारो गावांत 'दुष्काळसदृश परिस्थिती' जाहीर केली. दुष्काळ नव्हे, दुष्काळासारखे काहीतरी. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि मे २०१६ मध्ये सरकारला 'दुष्काळसदृश'च्या जागी 'दुष्काळ' म्हणावे लागले. 'सदृश' ह्या तीन अक्षरांत सवलती आणि मदत अडकलेली होती. योगायोग असा की त्याच २०१६ साली हवामान खात्याने आपल्या इंग्रजीतून 'ड्रॉट' हा शब्द काढून टाकला आणि 'डेफिशियंट' वर्ष असे म्हणायला सुरुवात केली. तूट म्हटले की हिशेबाच्या वहीतली वाटते. दुष्काळ म्हटले की विहीर डोळ्यांपुढे येते. उलट आपल्या महसूल खात्याची 'अतिवृष्टी' पाहा. मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला की अतिवृष्टी, आणि मग पंचनामा. ह्या शब्दात आकडा आहे, जागा आहे आणि पुढे कोणी काय करायचे तेही आहे.

मोजून-मापून

शास्त्रज्ञांच्या विशेषणांची गोष्ट वेगळीच. १९७५ साली वॉलेस ब्रोकर ह्या भूवैज्ञानिकाने एका निबंधाच्या शीर्षकात प्रश्न विचारला होता की आपण 'प्रोनाउन्स्ड', म्हणजे ठळक अशा जागतिक तापमानवाढीच्या उंबरठ्यावर आहोत का. उत्तराला वीस वर्षे लागली. नोव्हेंबर १९९५ मध्ये माद्रिदला संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखालच्या आय.पी.सी.सी. ह्या संस्थेची बैठक भरली. हवामानावर माणसाचा प्रभाव कसा आहे, हे सांगायला मसुद्यात 'अप्रीशिएबल' हे विशेषण होते. सौदी अरेबिया आणि कुवेतच्या प्रतिनिधींनी हरकती घेतल्या. कितीतरी पर्याय चाचपून झाल्यावर 'डिसर्निबल' ह्या शब्दावर एकमत झाले. म्हणजे प्रभाव नजरेला येण्याजोगा आहे. मोठा की लहान ते बोलायचे नाही.

त्यानंतरच्या अहवालांतली विशेषणे ओळीने लावली तर एक शिडी दिसते. तापमानवाढ मुख्यत्वे माणसामुळे झाली हे २००१ साली 'लाइकली', २००७ साली 'व्हेरी लाइकली', २०१३ साली 'एक्स्ट्रीमली लाइकली'. ह्या शब्दांमागे ठरवलेले आकडे आहेत. लाइकली म्हणजे ६६ टक्क्यांहून जास्त, व्हेरी लाइकली म्हणजे ९० हून, एक्स्ट्रीमली लाइकली म्हणजे ९५ हून. आणि २०२१ साली शक्यतेची भाषा सोडून 'अनइक्विव्होकल', निर्विवाद. मला हा विशेषणांचा सर्वांत प्रामाणिक वापर वाटतो. पुरावा वाढला तसा शब्द एकेक पायरी चढला, आणि प्रत्येक पायरीची उंची आधी जाहीर केलेली होती.

पण इथेही एक मेख आहे. पायरीची उंची अहवालाच्या तळटीपेत असते, आणि वाचक तळटीप वाचत नाही. डेव्हिड बुडेस्कू ह्या मानसशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी २००९ साली दाखवून दिले की 'व्हेरी लाइकली' हे शब्द सामान्य वाचक नव्वदपेक्षा बऱ्याच खालच्या आकड्यासारखे वाचतो; शब्दाशेजारीच आकडा छापला तर गैरसमज कमी होतो. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे त्यांची ही कथा, तर आपल्यासारख्यांनी किती सावध राहावे! वादळी हवामानाच्या धोक्याच्या पाच पायऱ्या ह्या देशात अशा आहेत: 'मार्जिनल', 'स्लाइट', 'एन्हान्स्ड', 'मॉडरेट', 'हाय'. आपल्या कानाला 'मॉडरेट' म्हणजे मध्यम, बेताचा. प्रत्यक्षात ती पाचातली चौथी पायरी आहे. माझ्या सासूबाई इथे आल्या असताना टीव्हीवर 'मॉडरेट रिस्क' ऐकून छत्री घेऊन फिरायला निघाल्या होत्या.

सावधान करणारे विशेषण

तरीही चांगले विशेषण जीव वाचवू शकते, ह्याचे माझ्या माहितीतले सर्वोत्तम उदाहरण २८ ऑगस्ट २००५ चे आहे. कॅटरिना वादळ न्यू ऑर्लिन्सवर येऊन आदळायला एक दिवस होता. तिथल्या हवामान कार्यालयातल्या रॉबर्ट रिक्स ह्या अधिकाऱ्याने एक सूचना प्रसृत केली. बहुतेक परिसर कित्येक आठवडे, कदाचित त्याहून जास्त काळ, 'अनइनहॅबिटेबल' होईल, म्हणजे राहण्यायोग्य उरणार नाही, असे त्यात म्हटले होते. मजबूत बांधलेल्या घरांपैकीही निदान निम्म्यांची छपरे आणि भिंती कोसळतील, पाण्याची टंचाई होईल, असेही होते. ती सूचना इतकी भयंकर होती की काही वृत्तवाहिन्यांना ती खरी वाटेना. पण अनेकांनी ती ऐकून घर सोडले. 'अनइनहॅबिटेबल' ह्या शब्दाला जागा होती, मुदत होती, आणि ऐकणाऱ्याने काय करायचे ते त्यातच होते: राहता येणार नाही, तेव्हा निघा.

हेच विशेषण पुढे एका गाजलेल्या पुस्तकाच्या नावात आले. डेव्हिड वॉलेस-वेल्स ह्यांचे 'द अनइनहॅबिटेबल अर्थ' २०१९ साली निघाले. त्याच नावाचा त्यांचा लेख २०१७ चा. पुस्तक वाचनीय आहे, आत आकडेही भरपूर आहेत. पण नावातल्या विशेषणाची जागा आता अख्खी पृथ्वी झाली, आणि मुदत गेली. सगळीच पृथ्वी राहण्यायोग्य नसेल तर निघायचे कुठे? लेख आला तेव्हा काही हवामानशास्त्रज्ञांनीही तो अतिरंजित असल्याची टीका केली होती. एकच शब्द एका ठिकाणी माणसाला उठवतो आणि दुसऱ्या ठिकाणी खुर्चीत बसवून ठेवतो.

पुस्तकांच्या नावांतली मला आवडलेली विशेषणे दोन. रेचेल कार्सन ह्यांच्या १९६२ च्या 'सायलेंट स्प्रिंग'मधले 'सायलेंट', आणि अल गोर ह्यांच्या २००६ च्या 'ॲन इनकन्व्हिनियंट ट्रुथ'मधले 'इनकन्व्हिनियंट'. पहिले पुस्तक कीटकनाशकांवरचे आहे, हवामानावरचे नाही. पण वसंत ऋतूत पाखरांचा आवाज नसेल तर कसे वाटेल, हे एका साध्या शब्दाने कानाला कळते. दुसऱ्यातली खुबी अशी की ते विशेषण हवामानाचे नाहीच, आपले आहे. सत्य गैरसोयीचे आहे ते आपल्याला. त्यात कर्ता पुन्हा जागेवर आला.

चांगले विशेषण म्हणजे सर्व काही, असा मात्र गैरसमज नको. २०११ साली मिझुरीतल्या जॉप्लिन गावी चक्रीवादळात दीडशेहून अधिक माणसे गेली. सूचना मिळूनही अनेक जण दुसऱ्या खुणेची वाट पाहत थांबले होते. त्यातून धडा घेऊन पुढल्या वर्षीपासून सूचनांना 'कन्सिडरेबल' आणि 'कॅटॅस्ट्रॉफिक' अशी विशेषणे नियमाने जोडायला सुरुवात झाली. ४ जुलै २०२५ च्या पहाटे टेक्ससमधल्या ग्वादालूपे नदीला पूर आला, त्या वेळी केर काउंटीसाठी १ वाजून १४ मिनिटांनी निघालेल्या सूचनेवर 'कन्सिडरेबल' हा शिक्का होता. पण त्या काउंटीत नदीकाठी धोक्याचे भोंगे नव्हते, माणसे झोपलेली होती. त्या पुरात राज्यात १३० हून अधिक बळी गेले. विशेषण नेमके असून भागत नाही. ते कोणाच्या तरी उशाशी पोचावेही लागते.

आपण काय करावे

आमची मोठी मुलगी सातवीत असताना शाळेतून एक कागद घेऊन आली होती. हवामान-बदलावर निबंध लिहायचा, आणि त्यासाठी 'पॉवरफुल ॲडजेक्टिव्ह्ज'ची यादी: डेव्हस्टेटिंग, इररिव्हर्सिबल, अलार्मिंग, कॅटॅस्ट्रॉफिक वगैरे वगैरे. तिने पहिल्या परिच्छेदात त्यातली सहा वापरली आणि मग पेन ठेवून म्हणाली, "बाबा, मग निबंध कशाला लिहायचा? सगळं संपलंच आहे ना?" त्या वयाच्या मुलांना ही विशेषणे आपल्यापेक्षा जास्त लागतात, कारण ती त्यांचा शब्दशः अर्थ घेतात. आम्ही दोघांनी बसून प्रत्येक शब्दापुढे तीन रकाने आखले: किती, कधीपर्यंत, आणि कोणी काय केल्याने. 'इररिव्हर्सिबल'पुढे समुद्राची पातळी आली, आणि 'शेकडो ते हजारो वर्षे' ही अहवालातली मुदत आली. पण किती वाढेल हे आपण किती जाळतो ह्यावर अवलंबून आहे, हेही तिसऱ्या रकान्यात आले. निबंध छोटा झाला. सहापैकी दोनच विशेषणे उरली. पण तिने तो पुरा केला.

तेव्हा वाचकहो, माझी सूचना साधी आहे. इथल्या बातम्या आपण रोज तिकडे फोनवर सांगतो, तिकडच्या इकडे ऐकतो, आणि घरात मुलांना समजावतो. ह्या येरझाऱ्यांत इंग्रजी विशेषण जसेच्या तसे उचलून 'अभूतपूर्व', 'प्रलयंकारी', 'महाभयंकर' असे पुढे ढकलू नये. त्याआधी तीन रकाने मनात भरून पाहावेत. तिन्ही रिकामे राहिले तर ते विशेषण गाळावे. घर घेताना दलालाला 'शंभर-वर्षी'चा अर्थ तीस वर्षांत सांगायला लावावा, आणि पूरविमा घरमालकाच्या साध्या विम्यात नसतो हे लक्षात ठेवावे. आपल्या मंडळाची वादळाच्या दिवसांत जी सूचनापत्रे निघतात, त्यांत 'गंभीर परिस्थिती' एवढेच न लिहिता कोणत्या भागात, किती वाजेपर्यंत, पाणी कुठवर आणि कोणाला फोन करायचा हे चार तपशील आधी लिहावेत, अशी समितीला विनंती आहे. ज्येष्ठांसाठी ते मराठीत असावे, आणि धोक्याच्या पायऱ्या शब्दांऐवजी 'पाचपैकी चौथी' अशा सांगाव्यात. पुढल्या हरिकेन मोसमाआधी असा एक नमुना तयार करायला मी बसायला तयार आहे. भाषेची जाण माझ्याहून चांगली असलेले कोणी सोबत आले तर बरे होईल.